घरचा बोर्ड आणि बाटलीतलं तांबं

झिरो पीसीबीवर चार-पाच सर्किटं जमली की मागच्या बाजूचं वायरींचं जंजाळ डोळ्यांत खुपायला लागतं. कुठली वायर कुठे जाते हे आठवड्याभराने ज्याने जोडली त्यालाही सांगता येत नाही. एखादा सांधा सुटला तर तो शोधताना दुसरे दोन हलतात. मग स्वतःचा पीसीबी करायचा विचार येतो. काम अवघड नाही. इस्त्री, एक लेझर प्रिंट, तांबं चढवलेला कोरा बोर्ड आणि फेरिक क्लोराइड एवढं असलं तर एका दुपारी पहिला बोर्ड हातात येतो. पण तो आला म्हणजे काम आटोपलं असं धरू नका. बोर्डावरून निघालेलं तांबं पाण्यात उतरलेलं असतं, आणि त्या पाण्याचं काय करायचं हे पालघर-बोईसरकडे राहणाऱ्याने तरी बोर्ड करायच्या आधी ठरवावं. म्हणून या लेखात त्याला मी बोर्डाइतकीच जागा देणार आहे.

आधी घरी करावा की नाही ते बघू. हल्ली ऑनलाइन फाइल पाठवली की हिरवा रंग दिलेले, दोन्ही बाजूंनी छापलेले, भोकांच्या आतून तांबं चढवलेले बोर्ड कारखान्यातून घरपोच येतात. दहा नग हवे असतील, सर्किट दोन बाजूंचं असेल किंवा बारीक पायांच्या एसएमडी आयसी असतील, तर फाइल सरळ तिकडे पाठवा. त्यात रविवार घालवण्यात अर्थ नाही. घरचा बोर्ड शोभतो तो एका बाजूच्या, मोठ्या पार्टच्या, एक-दोन नगांच्या आणि आजच हव्या असलेल्या सर्किटला. इंजिनीअरिंग किंवा आयटीआयच्या मुलांनी मात्र निदान एक बोर्ड स्वतःच्या हाताने करावाच, असं माझं मत आहे. संगणकावर केसासारखी रेघ ओढणारा मुलगा ती रेघ तांब्यावर तुटलेली एकदा पाहतो आणि पुढच्या वेळी आपोआप रुंद ओढतो.

सामान कुठून आणायचं? रेझिस्टर, ट्रान्झिस्टर, सोल्डर असल्या गोष्टी गावातल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात मिळून जातात. कोरा बोर्ड, बारीक ड्रिल आणि फेरिक एकाच फेरीत हवं असेल तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड. ग्रँट रोड किंवा मुंबई सेंट्रल, दोन्हीकडून चालत जाता येतं. बोईसरहून जाऊन-येऊन दिवस मोडतो, त्यामुळे यादी करून जा आणि रविवारी जाऊ नका, बाजार बंद असतो. ऑनलाइनही सगळं मिळतं, पण फेरिकचं पाकीट वाटेत फुटलं तर बाकीच्या सामानाचाही सत्यानाश होतो. ते हातानेच आणलेलं बरं, तेही दोन पिशव्यांत घालून.

कोरा बोर्ड, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत ‘कॉपर क्लॅड’, दोन जातींचा असतो. तपकिरी रंगाचा कागदी फेनॉलिक, ज्याला बाजारात सर्रास हायलम म्हणतात, आणि हिरवट-पिवळसर ग्लास इपॉक्सी. हायलम स्वस्त, कापायला आणि भोकं पाडायला मऊ. पण सोल्डरिंग गनने एका जागी जरा जास्त रेंगाळलात की त्याचं तांबं सुटून वर येतं. ग्लास इपॉक्सी उष्णतेला टिकतो, ओल कमी धरतो, मात्र ड्रिलची धार लवकर खातो आणि कापताना काचेच्या तंतूंची धूळ उडवतो. आपल्याकडची पावसाळी हवा बघता मी ग्लास इपॉक्सीच घ्या म्हणेन. जाडी १.६ मिलिमीटर, तांबं ३५ मायक्रॉन, एका बाजूचा. कापताना तोंडाला मास्क लावा आणि करवतीखाली पाण्याचा हात फिरवत राहा, धूळ बसते.

उदाहरणाला टाकी भरल्याचा भोंगा घेऊ. गच्चीवरची टाकी भरून वाहते आणि खाली कुणाला पत्ता नसतो, हे कुठल्याही सोसायटीत रोजचंच. सर्किट अगदी साधं: दोन बीसी ५४७ ट्रान्झिस्टर डार्लिंग्टन जोडीत, पहिल्याच्या बेसला १० किलोओहमचा रेझिस्टर, त्याच बेसपासून ग्राउंडला १ मेगाओहमचा दुसरा, दोन्ही कलेक्टर एकत्र करून तिथे ५ व्होल्टचा बझर, आणि बझरचं दुसरं टोक अधिक ५ व्होल्टला. टाकीत दोन वायरी सोडायच्या. एक १ किलोओहममधून अधिक ५ व्होल्टला, दुसरी बेसच्या १० किलोओहमला. पाणी दोन्ही टोकांना टेकलं की त्यातून थोडासा प्रवाह वाहतो आणि बझर वाजतो. गच्चीपर्यंतची लांब वायर आजूबाजूच्या लाइनची गुणगुण पकडते. बेस आणि ग्राउंडच्या मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला की ती बंद होते. वीजपुरवठ्याला चांगल्या बनावटीचा मोबाइल चार्जर घ्या आणि चार्जर, बोर्ड दोन्ही घरातच ठेवा. वर फक्त वायरी जातील. पहिल्या दोन-चार बोर्डांवर २३० व्होल्ट आणूच नका. घरच्या बोर्डवर वरून रंगाचा थर नसतो, रेघा उघड्या असतात, आणि मुख्य लाइन व ५ व्होल्ट यांच्यात निदान ६ मिलिमीटरचं अंतर राखावं लागतं. नवशिका नेमका तिथेच चुकतो.

आखणीसाठी किकॅड हा मोफत प्रोग्राम पुरेसा आहे. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने किकॅड आणि एनजीस्पाइस एकत्र करून ईसिम नावाचं पॅकेज केलं आहे. त्यात सर्किट आखण्याआधी चालवून पाहता येतं, तेही फुकट. प्रोग्राम उघडलात की त्याने आपणहून दिलेली बारीक रेघ आधी बदला. घरच्या पद्धतीला रेघ ०.८ ते १ मिलिमीटर, दोन रेघांमध्ये निदान ०.५ मिलिमीटर जागा आणि पॅड २ मिलिमीटरचे असावेत. ३५ मायक्रॉन तांब्याची १ मिलिमीटर रुंद रेघ २ अँपिअर आरामात नेते आणि आपल्या भोंग्याला त्याच्या शतांशानेही भागेल, म्हणजे रुंदी इथे विजेसाठी लागत नाही, हाताच्या कामासाठी लागते. आयसीच्या दोन पायांमधून रेघ काढायचा मोह आवरा. रस्ता सापडला नाही तर वरच्या बाजूने तारेचा जंपर टाका. एका बाजूच्या बोर्डवर दोन-तीन जंपर असणं यात कसलाही कमीपणा नाही. जुन्या रेडिओंच्या बोर्डांवर ते ओळीने दिसतात.

आखणीतच एक गोष्ट करा, तिचा उपयोग पुढे बाटलीपाशी होणार आहे. रेघांमधली रिकामी जागा कोरून काढायची नाही, ग्राउंडच्या तांब्याने भरून टाकायची. प्रोग्रामात त्यासाठी वेगळं हत्यार असतं. तांबं जितकं बोर्डवर राहील तितकं फेरिकमध्ये कमी उतरेल. बोर्ड लवकर होतो, फेरिक जास्त दिवस टिकतं आणि ग्राउंडही भक्कम होतो.

प्रिंट लेझरचीच हवी. टोनर म्हणजे प्लास्टिकची पूड, ती उष्णतेने वितळून तांब्याला चिकटते. इंकजेटच्या शाईचा इथे काही उपयोग नाही. कागद गुळगुळीत पाहिजे. लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडे आर्ट पेपरच्या कातरणी पडलेल्या असतात, त्यातली ए-फोर मापाची चार पानं मागून घ्या. इंकजेटसाठीचा प्लास्टिकचा लेप असलेला फोटो पेपर मात्र झेरॉक्सवाल्याच्या लेझर प्रिंटरमध्ये घालायला सांगू नका. आतला गरम रोलर खराब झाला तर तो पुन्हा दारात उभं करणार नाही. त्याला दोन गोष्टी सांगायच्या: टोनर वाचवायची सेटिंग बंद करून गडद प्रिंट काढ, आणि ‘पानात बसवा’ हा पर्याय काढून शंभर टक्के मापाने काढ. प्रिंट हातात आली की स्क्रू कनेक्टर खिशातून काढून कागदावरच ठेवून बघा. पाय पॅडवर नीट पडले तरच पैसे द्या.

उलट-सुलटचा गोंधळ सगळ्यांचा होतो, पण खूण सोपी आहे. बोर्डवर तांब्याच्या थरात दोन अक्षरं लिहून ठेवा. कागदावर ती आरशातल्यासारखी उलटी दिसली पाहिजेत म्हणजे तांब्यावर सुलटी उतरतात. चुकून उलटा बोर्ड झालाच तर लगेच टाकून देऊ नका. रेझिस्टर-कपॅसिटरला फरक पडत नाही, आणि बीसी ५४७ सारखा तीन पायांचा ट्रान्झिस्टर अर्ध्या फेऱ्याने फिरवून बसवला की त्याचे पाय जागच्या जागी येतात. आयसी असेल तर मात्र ती तांब्याच्या बाजूनेच बसवायची वेळ येते.

पहिल्यांदाच करत असाल तर सर्किटाआधी नुसत्या चित्राचा बोर्ड करून बघा. आपल्या जिल्ह्यात त्याला नमुना शोधायला नको: तारपा नाच. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या गंजाडपासून डहाणूच्या बाजारापर्यंत सगळीकडे दिसणारी ती माणसांची गुंडाळलेली रांग. बारीक हातपाय, त्रिकोणी धडं आणि वेटोळ्यात जवळजवळ आलेल्या रेघा. आपली इस्त्री किती बारीक रेघ उतरवते आणि किती अंतरावर दोन रेघा चिकटतात याची याहून चांगली परीक्षा नाही. बिघडलं तरी पार्ट वाया जात नाहीत, आणि साधलं तर दारावर लावायला पाटी होते.

आता तांबं घासायचं. इस्त्री नीट होऊनही टोनर सुटला तर दहातल्या नऊ वेळा दोष घासण्यात असतो. तांब्यावर हवेने चढलेला पातळ थर असतो, शिवाय आपल्याच बोटांचं तेल. देवघरातला तांब्या ज्याने घासता त्यानेच बोर्ड घासा: चिंच-मीठ किंवा पितांबरी. आंबटपणा काळा थर विरघळवतो. मग हिरव्या घासणीने हलक्या हाताने आडवं-उभं फिरवा, म्हणजे टोनरला धरायला बारीक ओरखडे मिळतात. खळखळून धुवा. पाणी थेंब-थेंब गोळा न होता सलग पसरलं तर बोर्ड स्वच्छ झाला. पुसून वर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा आणि यापुढे फक्त कडांना धरा. पावसाळ्यात घासलेला बोर्ड रात्रभर ठेवू नका. सकाळपर्यंत तो पुन्हा मळकट झालेला असतो.

इस्त्री सुती कपड्यांच्या, म्हणजे सर्वांत गरम खुणेवर ठेवा. वाफेची असेल तर पाणी काढून टाका. लाकडी फळीवर बोर्ड तांबं वर करून ठेवा, आधी नुसताच मिनिटभर तापवा, मग कागद छापलेली बाजू खाली करून नेमका ठेवा. पहिल्या टेकण्यातच तो चिकटतो, नंतर सरकवलात तर सगळं फासटतं. वर सुती कापड टाकून तीन ते पाच मिनिटं वजन देऊन दाबा, कडांवर इस्त्रीचं टोक फिरवा. रेघा कागदाच्या मागून किंचित उमटल्यासारख्या दिसू लागल्या की थांबा. लगेच कागद ओढू नका. बोर्ड कोमट पाण्यात टाका आणि पंधरा मिनिटं विसरून जा. भिजलेला कागद अंगठ्याने चोळला की लगद्यासारखा गोळे-गोळे होऊन निघतो. ओलं असताना सगळं छान दिसतं, वाळल्यावर खरं कळतं: रेघांमध्ये अडकलेले कागदाचे तंतू पांढरे दिसतात. ते जुन्या टूथब्रशने काढा, नाहीतर तिथे फेरिक पोचणार नाही. तुटलेली रेघ पर्मनंट मार्करने दोनदा गिरवा. चिकटलेल्या दोन रेघा सुईच्या टोकाने वेगळ्या करा. लेझर प्रिंट नव्हती तेव्हा लोक अख्खं सर्किट कार्बन पेपरने उतरवून नेलपॉलिशने रंगवायचे. डागडुजीला नेलपॉलिश आजही उत्तम.

यानंतरचं काम बाल्कनीत किंवा गच्चीवर, उघड्या हवेत करायचं. हातमोजे, डोळ्यांना चष्मा, अंगात जुने कपडे. फेरिकचा डाग लादीवरून, संगमरवरी ओट्यावरून किंवा सदऱ्यावरून पुरता जात नाही. खाली वर्तमानपत्रांचा जाड थर पसरा. भांडं प्लास्टिकचं. स्टील किंवा अ‍ॅल्युमिनिअमचं भांडं फेरिक तांब्याआधी खाऊन टाकेल. शिवाय जो ट्रे या कामाला वापराल तो पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये. लहान मुलं आसपास नकोत. अंगावर उडालं तर लगेच साबणाने धुवा, डोळ्यात गेलं तर वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं डोळा धरून मग डॉक्टरांकडे.

मिश्रण करताना आधी पाणी, मग त्यात थोडं-थोडं फेरिक. उलट करायचं नाही. विरघळताना ते तापतं आणि आम्लाच्या वाफा सोडतं. लहान बोर्डांसाठी १०० ग्रॅमला पाव लिटर पाणी ठीक पडतं. चहाच्या कोऱ्या काढ्यासारखा रंग आला की झालं. हा ट्रे गरम पाण्याच्या परातीत ठेवा. परातीत सांडू देऊ नका आणि फेरिक थेट गॅसवर तर कधीच ठेवू नका. चाळीस-पंचेचाळीस अंशांवर दहा ते वीस मिनिटांचं काम असतं, गार फेरिकमध्ये तेच पाऊण तासावर जातं. सतत हलवत राहणं महत्त्वाचं, कारण वापरलेलं द्रावण तांब्यापाशीच साचून राहतं.

बोर्ड आत सोडल्यावर अर्ध्या मिनिटाने एकदा प्लास्टिकच्या चिमट्याने वर काढून बघा. चकाकी गेलेली असते आणि उघडं तांबं सगळीकडे सारखं मंद गुलाबी झालेलं असतं. एखादा ठिपका अजून चकचकीत दिसला तर तिथे टोनरचा पातळ पापुद्रा किंवा तेल आहे. लगेच धुवा, तेवढं साफ करा, पुन्हा सोडा. पुढे बराच वेळ काही होत नाहीसं वाटतं. मग कडेने बोर्डाचा हिरवट रंग डोकावतो आणि तांब्याची सीमा आत सरकायला लागते. रेघांच्या लगतचं तांबं आधी जातं, मोकळ्या पटांच्या मधली बेटं शेवटी उरतात. शेवटचं बेट गेलं की त्याच क्षणी बाहेर काढा. ‘अजून दोन मिनिटं असू दे’ म्हटलंत तर फेरिक टोनरखाली बाजूने शिरतं आणि रेघा कुरतडल्यासारख्या होतात.

बाहेर काढलेला बोर्ड नळाखाली धरण्याआधी थांबा. आधी एका डब्यात पाणी घेऊन त्यात विसळा, मग नळाखाली. विसळलेलं ते पहिलं पाणी फेरिकच्याच बाटलीच्या हिशेबात धरायचं.

हिशेब असा. सहा इंच बाय चार इंचांच्या बोर्डवर ३५ मायक्रॉन जाडीचं तांबं साधारण पाच ग्रॅम असतं. ते सगळं फेरिकमध्ये उतरलं असं समजा. पर्यावरण संरक्षण नियमांमधल्या सर्वसाधारण मानकांनुसार बाहेर सोडायच्या सांडपाण्यात लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त तांबं असता कामा नये. म्हणजे एका बोर्डाचं पाच ग्रॅम तांबं त्या मर्यादेत आणायला दीड हजार लिटरहून जास्त पाणी लागेल. तुमच्या गच्चीवरच्या पाचशे लिटरच्या तीन टाक्या, वर थोडं. पाणी घालून पातळ करणं हा काही उपाय नव्हेच, पण एवढ्याशा धातूचं वजन किती पडतं ते यावरून कळावं.

आपल्याकडे यावर एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो, आणि तो करणारा बहुधा एमआयडीसीत काम केलेला असतो: ‘फेरिक तर आम्ही ईटीपीत टाकतो, पाणी साफ करायला! मोरीत ओतलं तर बिघडलं कुठे?’ पहिला भाग खरा आहे. सांडपाण्यातला तरंगता गाळ एकत्र करून खाली बसवायला फेरिक क्लोराइड वापरतात. पण ते ताजं फेरिक. तुमच्या बाटलीतलं फेरिक तांबं खाऊन बसलेलं आहे, आणि विरघळलेलं तांबं मासळीला आणि पाण्यातल्या बारीक जीवांना अगदी थोड्या प्रमाणातही बाधतं. शिवाय कारखान्याचं सांडपाणी निदान प्रक्रिया केंद्राकडे जायचं असतं, घरच्या मोरीचं पाणी गटारातून नाल्यात आणि नाल्यातून खाडीत जातं. गावात सेप्टिक टँक असेल तर तांबं त्यातले कुजवणारे जीवाणू मारतं आणि शोषखड्ड्यातून जमिनीत उतरतं, जिथे शेजारच्याची बोअर असते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुणांनी देशातल्या प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांच्या यादीत पहिलं होतं. इथलं सांडपाणी समुद्रात आणि खाड्यांत जातं म्हणून अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली, आणि लवादाने २०२२ मध्ये कारखान्यांना पर्यावरणीय भरपाई भरायला सांगितलं. सातपाटी, मुरबे, नवापूरच्या मच्छीमारांनी हे भांडण वर्षानुवर्षं लढवलं आहे. कारखान्यांपुढे तुमचा पाव लिटर कुठेच नाही, हे मान्य. तरी त्या भांडणात आपण कुणाच्या बाजूचे, हे मोरीपाशी उभं राहून ठरवायला फार विचार लागू नये.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे फेकायची घाई करायची नाही. फेरिक पुन्हा पुन्हा वापरता येतं. काचेच्या किंवा जाड प्लास्टिकच्या बाटलीत, प्लास्टिकच्या झाकणाने बंद करून, वर ठळक अक्षरांत ‘विष - फेरिक क्लोराइड’ लिहून ठेवा. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कदापि नाही. ही बाटली हत्यारांच्या कपाटात ठेवू नका. झाकणातून निसटणाऱ्या वाफेनेसुद्धा पक्कड, ड्रिल, शिलाई मशीन गंजतं. न वापरलेली कोरडी पूडही हवाबंद ठेवा. ती हवेतली ओल इतकी ओढते की जुलैत उघडी राहिली तर तिचं पाणीच होतं.

काळपट तपकिरी द्रावण हळूहळू हिरवं पडत जातं. गरम करूनही बोर्डाला तासाभराहून जास्त वेळ लागायला लागला की ते संपलं. तेव्हा मोठी प्लास्टिकची बादली घ्या. द्रावणाचा फेस वर उसळतो, त्यामुळे ती तीन-चतुर्थांश रिकामी राहू द्या. धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवून बादलीतल्या द्रावणात चमचा-चमचा घाला, फेस बसला की पुढचा चमचा. मत्स्यालयाच्या दुकानात पीएच बघायच्या पट्ट्या मिळतात, पट्टीने ८ च्या आसपास दाखवलं की थांबा. लोखंड आणि तांबं दोन्ही गाळ होऊन खाली बसतात. दोन दिवस हलवू नका. वरचं पाणी निवळशंख झालं असेल तर ते हळूच ओतून काढता येतं. त्याला निळसर झाक असेल तर तांबं अजून पाण्यातच आहे, ते सोडू नका, पीएच पुन्हा बघा. अमोनिया असलेलं कुठलंही क्लीनर यात घालू नका, त्याने बसलेलं तांबं पुन्हा विरघळतं. उरलेला गाळ जुन्या सुती कापडातून गाळून, वाळवून, बरणीत बंद करा. घनकचरा व्यवस्थापनाच्या नियमांत घरगुती घातक कचरा वेगळा ठेवून वेगळाच द्यायला सांगितलं आहे, आणि ही बरणी त्यातच मोडते. नगर परिषद असो की ग्रामपंचायत, घंटागाडीवाल्याच्या ओल्या-सुक्यात ती मिसळू नका. तिथे वेगळी सोय नसेल तर मुलं ज्या कॉलेजात आहेत तिथल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत विचारा, त्यांना असा कचरा हाताळावाच लागतो. तोवर बरणी घरात राहिली तरी ती काही खायला मागत नाही.

काही जण फेरिकऐवजी संडास धुण्याचं अ‍ॅसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड वापरायला सांगतात. ते झपाट्याने चालतं, पण क्लोरीनच्या वाफा सोडतं. फ्लॅटमध्ये नकोच.

बोर्डाकडे परत येऊ. टोनर थिनर किंवा अ‍ॅसिटोनने पुसला की खाली लखलखीत रेघा दिसतात. भोकं पाडताना आधी प्रत्येक पॅडच्या मधोमध टोकदार खिळ्याने बारीक खूण करा, नाहीतर ड्रिल घसरतं. रेझिस्टर-ट्रान्झिस्टरला ०.८ मिलिमीटर, स्क्रू कनेक्टर आणि १एन ४००७ सारख्या जाड पायांच्या डायोडला १ ते १.२, बोर्ड कसायला ३. हातात धरायच्या १२ व्होल्टच्या छोट्या ड्रिलला साधं एचएसएसचं पातं लावा. कार्बाइडचं पातं धारदार असतं, पण हात जरासा कलला की कट्कन मोडतं. ते स्टँडवरच वापरावं.

सोल्डर ६०-४० चा, २५ वॅटची सोल्डरिंग गन, बारीक टोक. आधी जंपर, मग रेझिस्टर, शेवटी बझर आणि कनेक्टर. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे धरली तर पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात. सोल्डरमध्ये शिसं असतं, काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय चहाचा कप उचलू नका.

समुद्राकाठच्या गावांत यापुढची पायरी गाळू नका. खाऱ्या हवेत उघडं तांबं वर्षभरात हिरवं पडतं. राळ बारीक कुटून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवा आणि तांब्याच्या बाजूला ब्रशने एक हात द्या. राळ हाच सोल्डरचा फ्लक्स असल्यामुळे पुढे दुरुस्ती करायची झाली तर खरवडावी लागत नाही. बोर्ड कायमचा बसवायचा असेल तर वरून पारदर्शक लॅकरचा फवारा मारा, कनेक्टरच्या तोंडांवर चिकटपट्टी लावून.

बारीक रेघांची गरज पडायला लागली की टोनर सोडून ड्राय फिल्मकडे वळा. तो प्रकाशाला संवेदनशील पापुद्रा असतो. बोर्डवर चिकटवायचा, वर पारदर्शक कागदावरची निगेटिव्ह ठेवून अतिनील दिव्याखाली किंवा उन्हात धरायचा, आणि लिटरमागे १० ग्रॅम धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवायचा. ०.२ मिलिमीटरची रेघही नीट येते. एकाच सर्किटाचे वीस-पंचवीस बोर्ड हवे असतील तर लग्नपत्रिका छापणारा स्क्रीन प्रिंटरवालाच गाठावा. जाळीतून तांब्यावर शाई उतरवणं त्याच्या हातचं काम आहे.

भोंग्याला वीज देण्याआधी मल्टिमीटर बीपवर लावून अधिक आणि ग्राउंड यांच्यात शॉर्ट नाही ना ते बघा, आणि प्रत्येक रेघ एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत तपासा. मग चार्जर लावा आणि टाकीच्या वायरी वाटीभर पाण्यात बुडवा, बझर वाजला पाहिजे. टाकीत सोडायच्या टोकांना तांब्याची वायर उघडी ठेवू नका. स्टेनलेस स्टीलचे दोन स्क्रू लावा, दोन सेंटिमीटर अंतरावर, पाणी वाहायला लागण्याच्या पातळीच्या बोटभर खाली. डीसी प्रवाहाने त्यातल्या एकावर क्षार आणि मळ जमतो. बोअरचं पाणी असेल तर जास्तच. टाकी धुवाल तेव्हा दोन्ही स्क्रू घासणीने घासा आणि अधिक-वजाची अदलाबदल करून पुन्हा जोडा.